अंगणातल्या ‘पीजे’ला पहूरच्या गाड्या हव्यात

पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा धावली नाही. तिच्या अडीच फुटी रुळांच्या जागी मोठी लाइन यायची आहे, आणि ती जामनेरच्याही पुढे बोदवडपर्यंत जायची आहे. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर ही स्टेशनं ज्यांना ओळीनं पाठ आहेत, त्यांच्यापैकी कुणी ही ‘पीजे’ आपल्या अंगणात, परसात नाहीतर गच्चीवर छोट्या रूपात उभी करायचं ठरवलं, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. मात्र तो इंजिन-डब्यांविषयी नाही. स्टेशनाबाहेर उभ्या राहणाऱ्या ट्रक, टँकर, बस, जीप आणि टेम्पोंविषयी आहे.

बागेतल्या रेल्वेचा छंद आपल्याकडे पोचला तो मुख्यतः जर्मन खेळण्यांमधून. लेहमान कंपनीनं १९६८ साली ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या, उन्हापावसात टिकणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या, आणि जगभरच्या बागांमधून त्या धावू लागल्या. त्यांच्यासोबत मिळणारी रस्त्यावरची वाहनं मात्र तिकडची असतात. बव्हेरियातल्या बेकरीची व्हॅन पहूरच्या फलाटामागे उभी केली, की रूळ, खडी, कडुनिंबाची सावली सगळं नीट जमूनही ते गाव पहूर राहत नाही. गाव ओळखू येतं ते दारावरच्या नावावरून, नंबरप्लेटवरून, हौद्यातल्या मालावरून. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी प्रत्येक गाडीबद्दल तीन गोष्टी ठरवाव्यात: ती कुणाच्या मालकीची, कोणत्या सालातली, आणि आत्ता इथे कोणत्या कामाला आली आहे. ही तीन उत्तरं पक्की असली की रंग, अक्षरं, चिखल, ओझं हे सगळं आपोआप ठरत जातं.

आधी मापाचं बघू, कारण इथे चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. पीजेचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे. बागेच्या रेल्वेत ३२ आणि ४५ मिलिमीटर या दोन रुंदींचे रूळ सहज मिळतात. ७६२ ला ३२ नं भागलं तर जवळजवळ २४ येतात. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या रुळावर १:२४ या प्रमाणात गाडी बांधली, तर पीजेचा अरुंदपणा अगदी खराखुरा उतरतो. दुसरा फायदा असा की खेळण्यांच्या दुकानातल्या मोटारी या प्रमाणात भरपूर मिळतात. ४५ मिलिमीटरच्या रुळाला हाच हिशेब लावला, तर प्रमाण १:१७ च्या आसपास येतं आणि त्या नेमक्या मापाची मोटार सहसा सापडत नाही. ज्यांच्याकडे आधीच ४५ चे रूळ आहेत त्यांनी ते उखडू नयेत. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ३२ आणि १:२४ हीच जोडी सांगेन.

आता खेळणं विकत घेताना खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. सेंटीसारख्या भारतीय कंपन्यांचे ट्रक, अँबॅसेडर, रिक्षा हा आपल्यासाठी खजिना आहे. त्यांचा चेहरामोहरा इथला आहे आणि किंमतही परवडणारी. पण खोक्यात मावावं म्हणून अशा खेळण्यांचं प्रमाण एकाच गाडीत इकडेतिकडे होतं, त्यामुळे खिशात मोजपट्टी ठेवा. ट्रकचं चाक हा सगळ्यांत खात्रीचा पुरावा. जुन्या ट्रकला ९.००-२० मापाचा टायर असे, त्याचा व्यास साधारण एक मीटर. १:२४ ला तो ४२ मिलिमीटर भरला पाहिजे. ३२ भरला, तर ती गाडी १:३२ ची आहे. अँबॅसेडर १८ सेंटीमीटर, मध्यम ट्रक सुमारे २९ सेंटीमीटर, अकरा मीटरची एसटी ४६ सेंटीमीटर, आणि शेजारी उभा माणूस ७ सेंटीमीटर, एवढी मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की पुरे. १:३२ ची गाडी आवडलीच तर घ्या, पण ती मागच्या बाजूला, घरांच्या आड ठेवा. तिथे ती लांब असल्यासारखी वाटते.

साल ठरवणं हा या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग. आपल्याकडच्या वाहनांवर काळाच्या खुणा फार स्पष्ट असतात, फक्त त्या वाचता आल्या पाहिजेत. टाटाचा ट्रक घ्या. १९५४ ते १९६९ या काळात टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार होता, आणि ट्रकच्या नाकावर बेंझचा तीन टोकांचा तारा असे. करार संपल्यावर तिथे टाटाचं ‘टी’ चिन्ह आलं. म्हणजे त्याच खेळण्याच्या नाकावरचं बोटाच्या नखाएवढं चिन्ह बदललं, तरी तुमचं स्टेशन एका जमान्यातून दुसऱ्यात जातं. टाटा ४०७ आली १९८६ मध्ये. ती साठच्या दशकातल्या वाफेच्या इंजिनाशेजारी उभी करता येणार नाही. सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो टाटा एस २००५ चा. तो फक्त पीजेच्या शेवटच्या पंधरा वर्षांत, डिझेल इंजिनाच्या सोबतीलाच शोभतो.

नंबरप्लेटचं तसंच. ‘एमएच १९’ म्हणजे जळगाव, ‘एमएच १८’ म्हणजे धुळे, ‘एमएच २०’ म्हणजे त्या काळचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पण ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर, १ जुलै १९८९ पासून आली. १९७५ चं पहूर करत असाल तर ‘एमएच १९’ लिहू नका. तेव्हा तीन रोमन अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर असे. घरातल्या जुन्या फोटोतल्या गाडीचा नंबर बघून त्याच धर्तीवर एखादा बेतावा. खाजगी मोटारींना त्या काळी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असत. आज खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. अक्षरं रोमन आणि आकडे आंतरराष्ट्रीय असावेत असा नियम आहे, तेव्हा देवनागरी नंबर लिहायचा मोह प्लेटवर आवरावा. हौस भागवायला बाकीची गाडी मोकळीच आहे. मापाचं म्हणाल तर ३४० बाय २०० मिलिमीटरची प्लेट १:२४ ला १४ बाय ८ मिलिमीटर होते.

ट्रकच्या कपाळावरची पाटी याहून बोलकी. १९३९ च्या कायद्यात माल वाहणाऱ्या गाड्यांचे दोन परवाने होते. लोकांचा माल भाड्यानं वाहणारा ट्रक ‘पब्लिक कॅरियर’, आणि मालकाचा स्वतःचा माल वाहणारा ‘प्रायव्हेट कॅरियर’. १९८८ च्या कायद्यानं हा भेद काढून टाकला आणि पुढे ‘गुड्स कॅरियर’ दिसू लागलं. जिनिंग कारखान्याचा, तेलगिरणीचा, लाकडाच्या वखारीचा स्वतःचा ट्रक करायचा असेल, तर १९८९ आधीच्या गाडीच्या कपाळावर ‘प्रायव्हेट कॅरियर’च हवं. या दोन शब्दांनीच गाडी कंपनीची आहे हे बघणाऱ्याला कळतं. मागच्या फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५ मध्ये बंद केलं. त्यानंतरचं साल असेल तर ते न लिहिणं नियमाला धरून. त्याआधीच्या ट्रकवर ते नसेल तर फाळका रिकामा वाटतो.

आता कंपनी कोणती? पहूर हे पेठ आणि कसबे मिळून वाघूर नदीकाठी वसलेलं, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. तिथून एकीकडे शेंदुर्णी-पाचोरा, दुसरीकडे जामनेर. अशा नाक्यावर किती प्रकारची वाहनं थांबत असतील याचा विचार करा: कापसाचे ट्रक, सरकीच्या पोत्यांचे टेम्पो, दूध संघाची कॅन भरलेली गाडी, रॉकेलचा टँकर, टपालाची लाल व्हॅन, अजिंठ्याची लेणी बघायला निघालेल्या पाहुण्यांची अँबॅसेडर, वडापची काळी-पिवळी जीप. यातल्या चार-पाचच निवडा. स्टेशनाचं आवार लहान असतं, आणि गाड्यांची गर्दी केली की ते वाहनतळासारखं दिसू लागतं.

रॉकेलच्या टँकरवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण त्यात या भागाचा इतिहास आहे. पहूरजवळचं वाकोद हे भवरलाल जैन यांचं जन्मगाव. जैन उद्योगसमूहाची सुरुवात १९६३ मध्ये रॉकेल विकण्याच्या धंद्यातून झाली. केळीची भुकटी, पपेन, पाइप, ठिबक हे सगळं नंतरचं. म्हणून साठच्या दशकातलं पहूर उभं करताना रॉकेलचा टँकर किंवा पिंपं भरलेली हातगाडी ही नुसती शोभेची वस्तू राहत नाही. टँकरवर कोणत्या तेलकंपनीचं नाव घालायचं हे मात्र सालावर ठरतं. एस्सो १९७४ मध्ये सरकारकडे आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. बर्मा शेल १९७६ मध्ये सरकारनं घेतली, पुढे ती भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल कॉर्पोरेशन या नावाची कंपनी १९६४ पासूनची. १९७० च्या टँकरवर हिंदुस्तान पेट्रोलियम लिहिलं, तर जाणत्या माणसाला ते लगेच खटकेल.

टँकरची टाकी बनवायला काही आयात करावं लागत नाही. शेतात जाणारा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप १:२४ ला १.८ मीटर व्यासाचा होतो. त्याचा १३३ मिलिमीटर लांबीचा तुकडा म्हणजे ३.२ मीटरची टाकी, आणि तिच्यात हिशेबानं आठ हजार लिटर मावतात. त्या काळच्या ट्रकच्या पाठीवर हे माप अगदी बेतशीर बसतं. टाकी गोल न ठेवता किंचित लंबगोल हवी असेल, तर पाइप उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करा, जाड हातमोजे घालून दोन फळ्यांमध्ये दाबा आणि गार होईपर्यंत दाब सोडू नका. दोन्ही टोकांना सनबोर्डाच्या चकत्या, वर झाकणासाठी बाटलीचं छोटं बूच, बाजूला तांब्याच्या तारेची शिडी. मागे गळतीसाठी लटकवलेली बादली विसरू नका. दोनशे लिटरची पिंपं हवी असतील तर ती ३७ मिलिमीटर उंच आणि २४ मिलिमीटर रुंद येतात. त्या मापाच्या औषधाच्या प्लॅस्टिक डब्या शोधल्या की मिळतात.

खऱ्या कंपनीचं नाव घालताना एवढं पाळावं: स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या आनंदासाठी केलेल्या गाडीवर कुणाचंही बोधचिन्ह चालून जातं, पण तशा गाड्या करून विकायच्या असतील तर त्या कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. काल्पनिक पेढी करायची असेल, तर नाव इथल्या कानाला पटेल असं ठेवा. आडनाव, मग धंदा, मग गाव, ही आपल्या बाजारपेठांची जुनी पद्धत. तिच्याशी इमान राखलं की नाव खरं वाटतं. जामनेर-पाचोऱ्याच्या जुन्या दुकानांची बिलबुकं, दिवाळीची कॅलेंडरं, कापडी पिशव्या, लग्नपत्रिकांमागच्या जाहिराती जमवा. त्यांत अक्षरांचं वळण, रंगांची जोडी, फोन नंबरातल्या आकड्यांची संख्या सगळं मिळतं. गावाचा फोन तीन आकडी होता तेव्हा दारावर दहा आकडी मोबाइल नंबर असू शकत नाही.

रंगकामाकडे वळू. धातूचं खेळणं उघडायचं तर तळाचे रिव्हेट ४-५ मिलिमीटरच्या ड्रिलनं हळूहळू उडवा, खोल जाऊ नका. परत जोडताना त्याच भोकात छोटा स्क्रू बसतो. काचा, सीट, बंपर वेगळे करून डबीत ठेवा. धातूच्या अंगावरचा जुना रंग पेंट रिमूव्हरनं उतरतो, पण तोच रिमूव्हर प्लॅस्टिकला लावला तर प्लॅस्टिकच विरघळेल. प्लॅस्टिकची गाडी फक्त सहाशे ते हजार नंबरच्या, पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासा आणि भांड्यांच्या साबणानं धुऊन घ्या. धुतल्यानंतर बोटं लावायची नाहीत. हाताचं तेल लागलं तिथे रंग सुटतो.

गाडी रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा एनसी पेंट पटकन सुकतो आणि पातळ बसतो, म्हणून मला तो पसंत आहे. मात्र त्याचं थिनर जहाल असतं. प्लॅस्टिकवर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर मारा, आणि पहिले हात इतके विरळ द्या की खालचं दिसत राहील. एनसीवर ऑइलपेंट चालतो. ऑइलपेंटवर एनसी मारला की खालचा थर सुरकुततो. हा क्रम उलटा करू नका. स्प्रेचा डबा वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब धरा, आणि नाकातोंडाला चांगला मास्क लावा. नुसता रुमाल पुरत नाही.

खानदेशात हे काम कधी करायचं यालाही महत्त्व आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्प्रे केला तर रंगाचे थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यात धूळ उडते ती वेगळी. आषाढ-श्रावणात हवेतल्या ओलाव्यानं एनसीवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या सकाळी, नऊ ते अकरा, ही उत्तम वेळ. त्या काळात कापूसही घरात आलेला असतो, म्हणजे ट्रक कसा भरला जातो हे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

अक्षरांना मी सर्वांत जास्त वेळ द्या म्हणेन. दारावरच्या नावानं गाडी जिवंत होते, आणि तिथेच संगणकाचा सपाट फॉन्ट टाकला तर ती पुन्हा खेळणं होते. आपल्याकडचे ट्रक आणि दुकानांच्या पाट्या पेंटरांनी हातानं लिहिलेल्या असत. शिरोरेषा जरा जाड, अक्षराच्या उजव्या-खालच्या अंगाला सावली, नावाखाली एक वेलबुट्टी. हे उतरवण्याचा उत्तम मार्ग असा: तालुक्याच्या गावात हातानं पाट्या लिहिणारा एखादा जुना पेंटर शोधा आणि त्यांच्याकडून ते नाव मोठ्या ड्रॉइंग शीटवर, नेहमीच्या मापात लिहून घ्या. त्याचे योग्य पैसे द्या. मग त्या शीटचा सरळ समोरून, सावलीत फोटो काढून संगणकावर चोविसाव्या भागाएवढा लहान करा. तीस सेंटीमीटर उंचीचं अक्षर साडेबारा मिलिमीटरचं होतं, आणि ब्रशची ओढ त्यात तशीच राहते. अशा नावाची बरोबरी कुठलाही तयार फॉन्ट करू शकणार नाही.

फॉन्टच वापरायचा झाला तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणानं येतात. ‘शेंदुर्णी’ किंवा ‘लक्ष्मी जिनिंग’ लिहिलं की ते लगेच लक्षात येतं. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की रूप बदलतं. उंची दीड मिलिमीटरच्या खाली नेऊ नका; मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं एकमेकांना चिकटतात.

अक्षरं गाडीवर चढवण्याचे दोन रस्ते. मोठी, एका रंगाची अक्षरं असतील तर बसस्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे जा. त्याचं कटिंग मशीन पाच-सहा मिलिमीटरपर्यंतची देवनागरी अक्षरं व्हिनाइलमध्ये स्वच्छ कापतं, आणि व्हिनाइल उन्हात टिकतं. चकाकणारं रेडियम घेऊ नका, साधं मॅट व्हिनाइल मागा. बारीक मजकुरासाठी पाण्यात भिजवून सरकवायचा डिकॅल पेपर लागतो. तो इंकजेट आणि लेझर अशा दोन जातींचा असतो, अदलाबदल चालत नाही. लेझरचा घ्या, इंकजेटची शाई पाणी लागताच पसरते, म्हणून आधी तिच्यावर पारदर्शक क्लिअर मारावा लागतो, आणि उन्हात ती लवकर उडते. छापखान्याचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, हे आधी लक्षात घ्या. गडद गाडीवर पांढरं नाव हवं असेल, तर पांढऱ्या डिकॅल पेपरवर भोवतीचा गाडीचा रंग छापून घ्यायचा, किंवा व्हिनाइल वापरायचं.

डिकॅल नेहमी चकचकीत क्लिअरच्या थरावर बसवा. मॅट रंग बारीक खडबडीत असतो. त्यावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चमक दिसत राहते. डिकॅल बसल्यावर एक रात्र जाऊ द्या, मग मॅट क्लिअरचे दोन हलके हात. बागेतल्या गाडीसाठी हा शेवटचा क्लिअर उन्हातल्या अतिनील किरणांना दाद न देणारा घ्या. इथे पैसे वाचवू नयेत.

कापसाच्या ट्रकविषयी दोन शब्द. हौदा लाकडी फळ्यांचा असतो, म्हणून प्लॅस्टिकचा काढून टाका आणि आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून नव्या फळ्या बनवा. फाळक्याच्या साखळीसाठी खोट्या दागिन्यांची बारीक साखळी छान दिसते. भराव करताना खरा कापूस सरळ कोंबू नका. सरकीवरचा धागा पावणेतीन-तीन सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे या मापात माणसाच्या मांडीपर्यंत येणारा एकेक तंतू होईल. थर्माकोलचा उंचवटा घासून घ्या, त्यावर पांढरट रंग, आणि कात्रीनं अगदी बारीक कातरलेला कापूस फेव्हिकॉलवर भुरभुरवा. वर ताडपत्री हवी असेल तर जुन्या धोतराचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून पसरा, सुकताना दोऱ्यांनी आवळा. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, आणि खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या-ट्रकांच्या रांगा लागत. तो काळ निवडलात तर ट्रकच्या मागे दोन-तीन बैलगाड्या हव्यातच.

एसटी हवीच, पण ती विकत मिळाली तरी मापात बसेल याची खात्री नसते. ४६ सेंटीमीटरचा सांगाडा तीन मिलिमीटरच्या सनबोर्डाचा स्वतः कापून करणं सोपं पडतं. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, ती निळ्या अंगाची आणि चंदेरी टपाची होती. लाल रंग नंतरचा. म्हणजे एसटीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या पहूरला लाल बस उभी करू नका. लाल बस केलीत तर बाजूला जामनेर किंवा पाचोरा आगाराचं नाव, समोर देवनागरी पाटी, आणि नंबर. मार्गाची पाटी काढता-घालता येईल अशी करा; तीच बस एकदा जामनेरला, एकदा अजिंठ्याला जाते.

रेल्वेच्या स्वतःच्या गाडीलाही एक जागा राखून ठेवा. रुळांची पाहणी करणाऱ्या अभियंत्याची जीप स्टेशनाशी उभी राहिली की सारं आवार कामात असल्यासारखं वाटतं. काचेवर ‘रेल सेवार्थ’, दारावर मध्य रेल्वेचं नाव, मागे दोन फावडी, एक पहार, गुंडाळलेला लाल बावटा. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली. त्याआधी पीजे चालवत होती ती जीआयपी रेल्वे. दारावरच्या अक्षरांत हा फरक पाळा.

मळवणं म्हणजे नुसतं काळं फासणं नव्हे. गाडी ज्या कामाला आली आहे त्या कामाचा मळ हवा. कापसाच्या ट्रकच्या चाकांच्या कमानीत काळी माती, टँकरच्या झाकणाभोवती तेलाचे ओघळ, बसच्या खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्या, अँबॅसेडरवर फक्त रस्त्याची फिकट धूळ. माती खरीच वापरा. शेतातली काळी माती वाळवून, मलमलच्या फडक्यातून गाळून, मॅट क्लिअरच्या ओल्या हातावर मऊ ब्रशनं टेकवा. एक सावधगिरी घ्या: आपल्या काळ्या मातीत आणि रस्त्याच्या धुळीत लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. मोटर असलेल्या इंजिनाजवळ ती वापरायची तर आधी चुंबक फिरवून ते काढून घ्या. टायरचा चकाकणारा काळा रंगही पॉलिश पेपरनं घासून मारा. रस्त्यावरचा टायर नेहमी राखाडी दिसतो.

वाहनं आणि रेल्वे एका दृश्यात कशी एकत्र नांदतात हे बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूड भागातलं जोशी लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथलं माप आपल्यापेक्षा बरंच लहान, पण रस्ते, फाटकं, माणसं आणि गाड्या यांची मांडणी शिकण्यासारखी आहे.

शेवटी उन्हाचा प्रश्न उरतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेल्या गडद प्लॅस्टिकचं तापमान त्याहून बरंच चढतं. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएनं छापलेले भाग साठ अंशांच्या आसपास मऊ पडून वाकतात. छापून घेणार असाल तर एबीएस किंवा एएसएचा आग्रह धरा. गाड्या कायम बाहेर ठेवू नका. रूळ आणि इमारती बाहेर राहू द्या, वाहनं संध्याकाळी खेळ मांडताना आणा. त्यासाठी प्रत्येक गाडीच्या तळाला सायकलच्या तारेचा तीन सेंटीमीटरचा तुकडा पक्का बसवा आणि रस्त्यात त्या त्या जागी भोक ठेवा. वळवाच्या आधीच्या वावटळीत हलकी बस उलटणार नाही, आणि गाडी रोज अचूक जागी उभी राहील. आत नेल्यावर ती जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई आणि प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही उन्हाळ्यात रंगाला चिकटतात. तळावर पेनानं रंगाचा नंबर, मालकाचं नाव आणि ठरवलेलं साल लिहून ठेवा, म्हणजे पुढे रंग खरचटला तर तोच रंग पुन्हा मागता येईल.